रग्बी कोच फॅरल दहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली होता, ते पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्ये तुमच्या क्रीडा पानावर आपल्याकडच्या जुन्या फुटबॉलपटूंबद्दल आलं होतं, की चांगला प्लेयर चांगला कोच होतोच असं नाही. वाचलं, पटलं पण आणि नाही पण. अर्धीच गोष्ट आलीय असं वाटलं म्हणून लिहितोय.

माझा भाचा डब्लिनला नोकरीला आहे. आधी फोनवर पाऊस आणि घरभाडं यावरच बोलायचा, आता रग्बीशिवाय विषय नाही, मामा हे बघ आणि मामा ते बघ. त्याच्यामुळे आयर्लंडच्या रग्बी टीमचा हेड कोच झालेला अँडी फॅरल हा माणूस कळला. मला वाटायचं रग्बी म्हणजे एकच खेळ, तर नाही. 1895 ला हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब वेगळे झाले, का तर मॅचच्या दिवशी गिरण्यांतल्या आणि खाणींतल्या माणसांची मजुरी बुडायची, ती भरून द्या म्हणत होते आणि वरचे साहेब लोक तयार नव्हते. त्यातून पुढे 13 जणांचं रग्बी लीग झालं, 15 जणांचं ते युनियन. (खाणकामगाराची मजुरी बुडाली म्हटल्यावर गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या आम्हा डिचोलीकरांचे कान लगेच उभे राहतात.)

फॅरल उत्तर इंग्लंडमधल्या विगन गावचा. 16 व्या वर्षी लीगमध्ये क्लबच्या मोठ्या टीममध्ये आला, त्याच वयात बाप पण झाला, तो मुलगा ओवेन पुढे युनियनमध्ये इंग्लंडचा कॅप्टन झाला. 21 व्या वर्षी अँडी ग्रेट ब्रिटनचा कॅप्टन, 2004 ला जगातला सर्वोत्तम लीग प्लेयर म्हणून गोल्डन बूट. मग 2005 ला युनियनमध्ये सारासेन्स क्लबकडे गेला आणि तिथे दुखापतीच दुखापती, इंग्लंडसाठी एकूण 8 टेस्ट (म्हणजे आंतरराष्ट्रीय मॅच). म्हणजे दुसऱ्या खेळात प्लेयर म्हणून त्याला काही फार जमलं नाही हे सरळ बोलायला हरकत नाही.

पण लीगमध्ये शिकलेलं कुठे गेलं नव्हतं. लीगमध्ये बॉल असलेल्या टीमला 6 टॅकल मिळतात, म्हणजे सहा वेळा धरून पाडेपर्यंत बॉल त्यांचा, आणि प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांनी 10 मीटर मागे जायचं आणि लगेच सगळ्यांनी एका ओळीत पुढे यायचं, एक जण जरी मागे राहिला की खिंडार, 80 मिनिटं हेच. मी शाळेत 30 वर्षं कबड्डी शिकवली, मला हे समजवायला भाच्याला दोन मिनिटं पण लागली नाहीत. साखळी (शेजारचं गाव नव्हे, हाताची) सुटली की रेडर गेलाच. 1995 नंतर युनियनवाले पण उघडपणे पैसे देऊन खेळवायला लागले आणि बचाव शिकवायला त्यांनी लीगमधलीच माणसं नेली. इंग्लंडने 2003 चा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा डिफेन्स कोच होता लीगमधून आलेला फिल लार्डर. विगनचाच शॉन एडवर्ड्स आधी वेल्सकडे, मग फ्रान्सकडे.

आता माझा मुद्दा. फॅरल खेळ सोडून आयर्लंडचा हेड कोच होईपर्यंत मध्ये जवळजवळ दहा वर्षं गेली, ती सगळी असिस्टंट म्हणून. आधी सारासेन्स, मग इंग्लंड. 2015 चा वर्ल्ड कप इंग्लंडमध्येच होता आणि यजमान टीम गट फेरीतच बाहेर, नवीन कोच आला आणि ह्याला काढला. आपल्याकडे असतं तर तिथेच विषय संपला असता. आयर्लंडने 2016 ला त्याला बचावाचं काम दिलं आणि त्याच नोव्हेंबरात शिकागोला न्यूझीलंडला 40-29 ने हरवलं, 1905 पासून खेळत होते, पहिल्यांदा जिंकले! हेड कोच झाला तो 2019 च्या वर्ल्ड कपनंतर. 2021 च्या सिक्स नेशन्समध्ये (युरोपातल्या सहा देशांची स्पर्धा) पहिल्या दोन्ही मॅच हरला, ठेवला त्याला. पुढच्या वर्षी न्यूझीलंडमध्ये जाऊन सिरीज 2-1, 2023 ला ग्रँड स्लॅम म्हणजे सिक्स नेशन्सच्या सगळ्या मॅच जिंकल्या, 2025 ला लायन्सना (ब्रिटन आणि आयर्लंडची एकत्र टीम) घेऊन ऑस्ट्रेलियात परत 2-1. पेपरात येतं ते एवढं शेवटचंच.

आपल्याकडे उदाहरण नाही असं पण नाही. क्लिफर्ड मिरांडा गोव्याच्या डेंपो क्लबचा एवढा मोठा फुटबॉल प्लेयर, पण एफसी गोवामध्ये आधी दुसऱ्याच्या हाताखालीच होता ना? 2020 ला हेड कोचला मध्येच काढलं तेव्हा टीम त्याने सांभाळली आणि इंडियन सुपर लीगची शील्ड आली, पुढे 2023 ला ओडिशाला सुपर कप. शेजारी बसून शिकलेला होता म्हणून वेळेला उभा राहिला.

आमच्या भागातल्या एका क्लबने मात्र काय केलं, रविवारी निरोप समारंभ, शाल-श्रीफळ, सोमवारपासून तोच कोच. तीन मॅच हरले, लगेच त्याला घरी पाठवला. आता तो संध्याकाळी मैदानावर येतो आणि कट्ट्यावर बसून मुलांना बघतो, कुणी विचारत नाही. त्याला ज्युनियर टीमचा असिस्टंट म्हणून महिन्याला थोडंफार मानधन देऊन दोन-तीन वर्षं ठेवता आलं असतं, शाल आणि मंडपाच्या खर्चात त्यातले काही महिने तरी निघाले असते.

पुढच्या वेळी अशा कुणाबद्दल छापाल तेव्हा तो आधी कुणाच्या हाताखाली किती वर्षं होता ते पण लिहा, ही विनंती. भाच्याला कात्रण पाठवणार आहे.

आपला,
एक निवृत्त पीटी शिक्षक, डिचोली