'तुरळक पाऊस' आणि 'तुरळक ठिकाणी पाऊस' एक नव्हे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर पुन्हा तेच छापून आलं: 'राज्यात आज तुरळक पाऊस'. वेधशाळेच्या पत्रकात शब्द असतात 'तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस'. तुमच्या पानावर येईपर्यंत त्यातलं 'ठिकाणी' गळतं, जागा कमी असली की विजाही गळतात. गेल्या ऑक्टोबरात या गळलेल्या शब्दापायी आमचं भात गेलं, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

वेधशाळेच्या भाषेत 'तुरळक' हा शब्द पावसाच्या जोराविषयी नाहीच. तो जागेचा हिशेब आहे. विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी', त्यापुढे निम्म्यापर्यंत 'काही ठिकाणी', मग 'बऱ्याच' आणि 'बहुतांश'. पाऊस किती पडेल ते वेगळं सांगतात. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की 'जोरदार', ११५.६ झाला की 'अति जोरदार'. म्हणजे तुरळक ठिकाणी अति जोरदार पाऊस पडू शकतो, आणि ते ठिकाण गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं माझं शेत असू शकतं. पण 'तुरळक पाऊस' असं छापलंत की मराठी वाचणारा माणूस चार थेंब येतील असंच समजणार. त्याचा दुसरा अर्थ आपल्या भाषेत होतच नाही.

गेल्या वर्षी कापणी होऊन ज्योती जातीच्या भाताच्या पेंढ्या शेतातच पसरल्या होत्या. त्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. अकराच्या सुमारास घाटमाथ्यावर कापसाचे पुंजके दिसू लागले. एक वाजेस्तोवर त्यांचे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डोंगर झाले, कडा पांढऱ्या, करकरीत. भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली. असा ढग दुपारी उंचीला लागला की पुढे काय होतं ते मी फळ्यावर कितीदा काढून दाखवलं आहे. धाकट्या भावाला म्हटलं, पेंढ्या गोळा करून ताडपत्री घालूया. तो म्हणाला, "दादा, पेपरात तुरळक पाऊस म्हणून घातलंय. चार शिंतोड्यांसाठी एवढी माणसं कुठून आणू?" मीही अंक उघडून पाहिला, तसंच होतं. गप्प बसलो. याचीच मला आजही चुटपुट लागून आहे.

तीनच्या सुमारास त्या ढगाचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरला. बुडाशी काळानिळा पडदा. आधी थंड वारा सुटला, नारळीच्या झावळ्या उलट्या झाल्या, मग विजा आणि मग पाऊस. पाऊण तासात शेतात घोट्याएवढं पाणी. पेंढ्या तरंगत बांधाला लागल्या. दोन दिवस सुकवायला ऊन मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ मूठभर लोंब्या घेऊन आला आणि काही न बोलता त्याने त्या माझ्या हातावर ठेवल्या. दाण्यादाण्याला पांढरा मोड. गावात पलीकडच्या वाड्यावर मात्र त्या दिवशी थेंबही नव्हता. 'तुरळक ठिकाणी' म्हणतात ते हे.

जुलैतला ढग आणि ऑक्टोबरातला ढग एक नसतो, हे गोव्यातल्या वर्तमानपत्राने तरी ध्यानात ठेवावं. जुलैत समुद्राकडून, पश्चिमेकडून, करड्या घोंगडीसारखा वर्षास्तरी ढग येतो. दिवसभर सूर्य दिसत नाही, पाऊस लागून राहतो, गडगडाट बहुधा नसतो. मे महिन्यात आणि कापणीच्या दिवसांत येतो तो गडगडाटी ढग. तो दुपारी सह्याद्रीवर वाढतो आणि पूर्वेकडून आपल्यावर येतो. त्याची उंची बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत जाते. सकाळच्या निरभ्र आभाळावरून त्याचा अंदाज येत नाही. 'मान्सून परतला' असा मथळा वाचून माणसं निर्धास्त होतात, पण परतीच्या घोषणेने हा ढग थांबत नाही.

कालच्याच अंकात मांडवीवरच्या आभाळाचा फोटो आहे, खाली ओळ 'पणजीवर पावसाळी ढगांची गर्दी'. फोटोत पिसांसारखे पातळ पांढरे फराटे दिसताहेत. ते तंतुमेघ. सहा किलोमीटरच्याही वर, बर्फाच्या कणांचे. त्यातून जमिनीवर पाऊस पडत नाही. फोटो सुंदर आहे, पण खालची ओळ चुकीची आहे.

आणि एक. तासभर जोराचा पाऊस पडून रस्ता तुंबला की तुमच्याकडे 'ढगफुटी' होते. ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस. २ ऑक्टोबर २००९ रोजी दक्षिण गोव्यातल्या काणकोणात पूर आला तेव्हा काय घडलं ते तिथल्या लोकांना विचारा. गटार साफ न केल्यामुळे बाजारात पाणी आलं, त्याला ढगफुटी म्हटलं की गटाराचा प्रश्नच कुणी विचारत नाही.

वेधशाळेचे शब्द जसेच्या तसे छापा. विजांचा इशारा असेल तर तो मथळ्यात घ्या. हवामानाची चौकट शेवटच्या पानावर राशिभविष्याखाली जाते, ती वर आणा. आमच्याकडे येत्या आठवड्यात कापणी सुरू होते आहे. त्याआधी एवढं व्हावं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व शेतकरी, सत्तरी