‘खरेदी करा’ असे लिहायचे असेल, तर विका: ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
कृषी भवन, नवी दिल्ली

विषय: डिजिटल व्हिडिओ गेम विकत घेणाऱ्यांचे हक्क

महोदय,
स. न. वि. वि.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेमची जुनी डिस्क घेणारे गिऱ्हाईक आधी ती उलटी करून ओरखडे बघते. डिस्क धड असली तर गेम चालणार, खेळून कंटाळा आला की तीच डिस्क दुसऱ्याला विकता येणार, असा तो रोखठोक हिशेब. ऑनलाइन स्टोअरमध्येही बटणावर ‘खरेदी करा’ असेच लिहिलेले असते. हाती येतो तो मात्र परवाना. तो परत विकता येत नाही, मुलाच्या खात्यावर चढवता येत नाही, आणि कंपनीने ठरवले तर एक दिवस नाहीसा होतो.

‘द क्रू’ हा युबिसॉफ्टचा मोटारशर्यतीचा गेम 2014 च्या डिसेंबरात आला. 31 मार्च 2024 ला त्याचे सर्व्हर, म्हणजे गेम ज्यांच्याशी इंटरनेटवरून जोडला जातो ते कंपनीचे संगणक, बंद झाले. एकट्याने खेळायची मोहीम त्यात होती, पण गेम सर्व्हरशी बोलल्याशिवाय सुरूच होत नसे. त्यामुळे डिस्क विकत घेतलेल्यांच्या हातीही नुसती चकती उरली. पुढे अनेकांच्या खात्यांतून परवानाही काढून घेतला गेला. सर्व्हर बंद पडल्यावर, विकलेले गेम असे बंद पाडू नका म्हणत उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेच्या युरोपातल्या अर्जाला 2025 मध्ये 10 लाखांहून अधिक सह्या मिळाल्या.

यात दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. ‘फोर्झा होरायझन 4’ची विक्री 15 डिसेंबर 2024 ला थांबली, कारण त्यातल्या गाड्या-गाण्यांचे करार संपत होते. ज्यांनी तो आधी घेतला त्यांचा गेम चालूच राहिला. अशा विक्रीबंदीबद्दल आमची तक्रार नाही. विकून झालेली वस्तू बंद पाडणे हा वेगळा प्रकार आहे.

बंद पडते ते बहुधा अगदी लहानशा गाठीवर. गेम सुरू होताना सर्व्हरला विचारतो, ‘हे खाते खरे का? याच्याकडे हा गेम आहे का?’ उत्तर आले नाही की पहिल्याच पडद्यावर अडतो. बाकीचा सगळा गेम ग्राहकाच्या यंत्रात शाबूत पडलेला असतो. सोनीच्या प्लेस्टेशन 4 या कन्सोलमध्ये (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रात) तर घड्याळ चालवणारी सीआर-2032 ही बटणाएवढी बॅटरी मेली आणि त्याच वेळी सोनीचे सर्व्हर गाठता आले नाहीत, तर विकत घेतलेले गेम उघडत नसत. सोनीने ही खोड 2021 च्या अपडेटमध्ये काढली. काढता येत होती, एवढे त्यातून दिसते.

आणि डिस्क-कार्ट्रिज घेतली म्हणजे सुटलो, असेही राहिलेले नाही. जून 2025 मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच 2 या कन्सोलसाठी ‘गेम-की कार्ड’ विकली जातात. त्या कार्ट्रिजमध्ये गेमच नसतो, डाउनलोडची किल्ली असते. ते परत विकता तरी येते, पण डाउनलोड सर्व्हर चालू असेपर्यंतच त्याला किंमत.

कायदा आपल्याकडे बऱ्यापैकी तयार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ने कलम 2(16) मध्ये ई-कॉमर्सची व्याख्या करताना डिजिटल उत्पादनांच्या खरेदी-विक्रीचा उल्लेख नावानिशी केला आहे. म्हणजे संसदेच्या लेखी ही विक्रीच. 2020 चे ई-कॉमर्स नियम परदेशातून भारतीय ग्राहकाला माल पुरवणाऱ्या कंपन्यांनाही लागू आहेत. कलम 2(46) नुसार वाजवी कारणाशिवाय एकतर्फी रद्द करता येणारा करार अनुचित ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात तयार सॉफ्टवेअरला ‘माल’ म्हटले, तेही विक्रीकर लावण्यासाठी. कर घेताना माल आणि ग्राहक दाद मागायला आला की परवाना, हे काही बरे दिसत नाही.

अडचण दाद मागण्यात आहे. अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येत नाही; कलम 47 प्रमाणे ती थेट राज्य आयोगाकडे जाते. चार-पाच हजारांच्या गेमसाठी तिथवर कोण जाणार? म्हणून हे काम एकेका ग्राहकावर न टाकता केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हाती घ्यावे. कलम 18 खाली त्याला मार्गदर्शक तत्त्वे काढता येतात. नोव्हेंबर 2023 मध्ये डार्क पॅटर्नची, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पडद्यावरच्या मांडणीची, तत्त्वे त्याच अधिकारात निघाली. त्यांच्या परिशिष्टात 13 प्रकार आहेत. काढून घेता येणाऱ्या परवान्यावर ‘खरेदी करा’ लिहिणे हा चौदावा असावा. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून असा कायदा लागू आहे: परवाना असेल तर तसे ठळक सांगा, आणि कायमचा ऑफलाइन डाउनलोड देत असाल तर ही अट नाही.

नुसता शब्द बदलून मात्र भागणार नाही. ‘परवाना घ्या’ असे बटण लावून कंपन्या मोकळ्या होतील. पैसे भरायच्या आधी, त्याच पडद्यावर, पुढील माहिती मराठीसह भारतीय भाषांत दिसली पाहिजे: गेम इंटरनेटशिवाय सुरू होतो का, किती दिवसांनी पुन्हा लॉगिन करावे लागते, सर्व्हर निदान कोणत्या तारखेपर्यंत चालतील, आणि डिस्क असेल तर तिच्यावर पूर्ण गेम आहे का. शेवटची गोष्ट तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. कन्सोलवरचा गेम पुसा, वाय-फाय आणि केबल दोन्ही काढा, कन्सोल पूर्ण बंद करून चालू करा (रेस्ट मोड, म्हणजे कन्सोल अर्धवट झोपवणे, चालणार नाही; त्यात जुने लॉगिन टिकून राहू शकते), डिस्कवरून गेम टाका आणि पहिली पातळी खेळून बघा.

दुसरी मागणी शेवटाची. सर्व्हर बंद करायच्या किमान सहा महिने आधी सूचना, त्या दिवसापासून गेममधल्या नाण्यांची विक्री बंद, आणि जाण्यापूर्वी लॉगिनची अट काढणारे अपडेट. ज्या गेममध्ये एकट्याने खेळायचे काहीच नाही, तिथे ग्राहकांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल असे सॉफ्टवेअर द्यावे. ‘नॉकआउट सिटी’ या ऑनलाइन गेमच्या छोट्या स्टुडिओने जून 2023 मध्ये सर्व्हर बंद करताना पीसीवर नेमके हेच केले.

कंपन्या म्हणतील, सर्व्हर कायम चालवणे परवडत नाही. ते कोणी मागितलेलेच नाही. सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, मागितलेला नाही. इतरांकडून भाड्याने घेतलेले सॉफ्टवेअर सर्व्हरमध्ये गुंतलेले असते, ते वाटता येत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. दहा वर्षांपूर्वीच्या गेममधून ते सोडवून काढणे महाग पडते. म्हणूनच नियम जुन्या गेमना न लावता, अधिसूचनेनंतर साधारण दोन वर्षांनी येणाऱ्या नव्या गेमना लावावा. आराखड्यातच सोय ठेवली तर खर्च फार वाढत नाही, आणि लहान स्टुडिओंना वेळही मिळतो.

एक गोष्ट आपल्या खात्याची नाही, तरी लिहितो. कॉपीराइट कायद्याचे कलम 52(1)(कक) प्रोग्रॅमची राखीव प्रत करू देते. 2012 मध्ये आलेले कलम 65अ डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. कंपनीने सोडून दिलेला, स्वतः विकत घेतलेला गेम चालू करणारा माणूस या दोहोंच्या मध्ये कुठे बसतो, याचा लेखी खुलासा आपण वाणिज्य मंत्रालयाकडून मागवावा.

आपले,
मुंबईतील काही गेम प्रोग्रॅमर, कन्सोल दुरुस्त करणारे कारागीर आणि ग्राहक कायद्याचे अभ्यासक