तापवलेला पुष्कराज न तापवलेल्याच्या भावाने विकल्याबद्दल तक्रार

नाशिक, 27 मार्च 2025

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: 9 फेब्रुवारी 2025 रोजी तुमच्या नाशिक शाखेतून घेतलेली साखरपुड्याची अंगठी. 18 कॅरट सोनं, पुष्कराज 2.96 कॅरट, पावतीची रक्कम 1,51,941 रुपये.

आज दुपारी सव्वाबारा वाजता तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी माझं सातव्यांदा बोलणं झालं. आठव्यांदा मी फोन करणार नाही. फोनवर बोललेलं तुमच्याकडे कुणी लिहून ठेवत नाही. दर वेळी नवा माणूस येतो, दर वेळी मी पावती क्रमांकापासून सुरुवात करते आणि दर वेळी "48 तासांत कळवतो" हे एकच वाक्य ऐकते. म्हणून आता लेखी.

पुष्कराज म्हणजे काय, रंग खुलावा म्हणून तो भट्टीत तापवतात म्हणजे काय करतात, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. तुमचा धंदा तो आहे. तुमच्याच दुकानात दोन वेगळ्या ट्रेमध्ये दोन वेगळ्या भावांचे पुष्कराज ठेवलेले मी पाहिलेत. त्यामुळे "मॅडम, असा काही फरक नसतो" हे उत्तर यापुढे कुणी देऊ नये.

9 फेब्रुवारीला आम्ही चौघं आलो होतो: मी, माझी मुलगी, होणारे जावई आणि माझ्या सासूबाई. सासूबाई 84 वर्षांच्या आहेत. नातीच्या पत्रिकेत गुरुबळ कमी, म्हणून अंगठीत पुष्कराजच हवा हा त्यांचा हट्ट. मुलगी पत्रिका मानत नाही, पण तिला हिरा नको होता आणि पिकत आलेल्या लिंबाच्या सालीचा तो पिवळा रंग तिला मनापासून आवडला होता. पुष्कराज तर्जनीत घालायचा आणि साखरपुड्याची अंगठी अनामिकेत, यावरही घरी बोलून झालं होतं. अनामिकेतच घालायची, पण कोंदण खालून उघडं ठेवायचं म्हणजे खडा अंगाला लागेल, असं ठरवून आम्ही आलो. एवढा विचार करून आलेलं गिऱ्हाईक होतं हे.

तुमच्या विक्रेत्याने आधी सुनेला नावाचा पिवळा खडा दाखवला. रंग जवळपास तोच, किंमत अगदी कमी. मी नको म्हटलं. सुनेला म्हणजे क्वार्ट्झ, काठिण्य 7, आणि घरातल्या धुळीतसुद्धा क्वार्ट्झचे कण असतात. रोज हातात राहणाऱ्या अंगठीतला असा खडा काही वर्षांत घासून मंद होतो. पिवळा पुष्कराज म्हणजे कोरंडम, म्हणजेच स्फटिकरूप अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, काठिण्य 9. माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, तिचे हात दिवसभर कामात असतात. तिच्यासाठी कोरंडमच योग्य होता.

मग ते दोन ट्रे आले. विक्रेत्याचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "हा हीटेड, पंधरा हजार रुपये कॅरट. आणि हा अनहीटेड, रत्नपुराचा माल, अडतीस हजार." रत्नपुरा म्हणजे श्रीलंकेतलं, जुन्या नावाने सिलोनमधलं. सासूबाईंनी लगेच सांगितलं की भट्टीत घातलेला खडा नको, त्याचा गुण जातो. त्यांची श्रद्धा तुम्ही मानू नका. मी तरी कुठे पूर्ण मानते? पण त्या श्रद्धेवरच तुम्ही कॅरटमागे तेवीस हजार रुपये जास्त घेतलेत. वजनही त्यांच्या सांगण्याप्रमाणे सव्वाचं घेतलं. पावणेतीन रत्तीचा एक सुरेख खडा केवळ "पाऊण नको" म्हणून बाजूला ठेवला आणि सव्वातीन रत्तीचा, म्हणजे तुमच्या हिशोबाने 2.96 कॅरटचा घेतला. तुमच्या दुकानात सगळे दिवे पिवळट आहेत, त्यात कुठलाही पुष्कराज चांगलाच दिसतो. म्हणून मी तो चिमट्यात धरून दारापर्यंत उन्हात नेला, पांढऱ्या रुमालावर ठेवून पाहिला. रंग उत्तम होता. रंगाबद्दल माझी आजही तक्रार नाही.

विक्रेत्याने अंदाजपत्रकाच्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहिलं: "पुष्कराज 2.96, अनहीटेड सिलोन, 38,000 प्रमाणे 1,12,480." ती चिठ्ठी माझ्याकडे आहे, झेरॉक्स सोबत जोडली आहे. छापील पावतीवर मात्र फक्त "यलो सफायर नॅचरल" एवढंच आहे. "अनहीटेड" हा शब्द चिठ्ठीवरून पावतीवर येता येता कुठे गेला, याचं उत्तर मला सातही फोनमध्ये मिळालेलं नाही.

23 फेब्रुवारीला साखरपुडा झाला. अंगठी थोडी सैल झाली म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती आमच्या गल्लीतल्या सोनारांकडे दिली. माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे ते सोनार. त्यांनी खड्याला भिंग लावलं, बराच वेळ फिरवून पाहिलं आणि विचारलं, "ताई, हा न तापवलेला म्हणून घेतला का?" मी हो म्हटल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, "मी तोंडाने काही सांगणार नाही. तपासून घ्या." दुसऱ्याच्या मालाला नाव न ठेवण्याची ही रीत मला तुमच्या दुकानात कुठे दिसली नाही.

मी मुंबईला जाऊन खडा तपासून आणला. अहवाल सोबत आहे. आत जे रुटाइल या खनिजाचे बारीक सुईसारखे धागे होते, ज्यांना तुमच्या व्यवसायात रेशीम म्हणतात, ते तुटून ठिपक्याठिपक्यांचे झालेले आहेत. आत अडकलेल्या एका स्फटिकाभोवती तबकडीसारखी चीर आहे, जी तीव्र उष्णतेने तो स्फटिक फुगल्यावर पडते. निष्कर्ष एका ओळीचा आहे: नैसर्गिक कोरंडम, उष्णतेची प्रक्रिया केल्याची लक्षणं स्पष्ट.

तुम्ही दिलेल्या खड्याच्या माहितीच्या कार्डावर काय आहे तेही पाहा. वक्रीभवनांक 1.762 ते 1.770, विशिष्ट गुरुत्व 4.00, प्रजाती नैसर्गिक कोरंडम. शेरा या रकान्यात आडवी रेघ. हे आकडे तापवलेल्या आणि न तापवलेल्या खड्यात सारखेच येतात. प्रयोगशाळेत बनवलेल्या कोरंडमचेसुद्धा हेच येतात. म्हणजे गिऱ्हाइकाला जे जाणून घ्यायचं होतं आणि ज्यासाठी त्याने अडीचपट पैसे मोजले, नेमक्या त्याच जागी तुमच्या कार्डावर रेघ आहे. 14 मार्चच्या फोनवर मी हे सांगितलं तेव्हा तुमच्या अधिकाऱ्याने "हा टेक्निकल विषय आहे, तुम्हाला नाही कळायचा" असं उत्तर दिलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात 31 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आहे. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड मला कळतं. आणि न कळणारी बाई असती तरी तिला असं बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

तापवलेल्या खड्याला मी वाईट म्हणत नाही. जगभर नीलम, माणिक, पुष्कराज तापवतात, दुधट खडा स्वच्छ होतो, रंग खुलतो आणि उघड सांगून विकला तर त्यात काहीही गैर नाही. आम्हीही पहिल्या ट्रेमधला घेतला असता आणि 44,400 रुपये देऊन आनंदाने घरी गेलो असतो. तुम्ही पहिल्या ट्रेमधला खडा दुसऱ्या ट्रेच्या भावाने दिलात. फरक 68,080 रुपये. त्यावर घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी वेगळा.

आता आजच्या फोनबद्दल. हे पत्र मी आजच का लिहायला बसले, ते कळावं म्हणून सविस्तर लिहिते.

आज आमच्याकडे विहीणबाई आल्या होत्या. मे महिन्यात लग्न आहे, बस्त्याची यादी करायची होती. मुलगीही रजा घेऊन घरी होती. बारा वाजता मी फोन लावला आणि हातात यादीचे कागद असल्यामुळे तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. अकरा मिनिटं तुमच्या जाहिरातीची धून वाजली. मग एक मुलगा आला. मी पावती क्रमांक सांगितला, तारीख सांगितली, खडा तापवलेला निघाला हे सांगितलं, अंगठी परत घ्या म्हटलं. तो म्हणाला, "एक मिनिट होल्ड करा." पुन्हा धून. परत आला आणि म्हणाला, "मॅडम, ही एंगेजमेंट रिंग आहे ना?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मॅडम, एक पर्सनल विचारू का? साखरपुडा होऊन एक महिना झाला आणि रिंग रिटर्न करताय. काही प्रॉब्लेम झालाय का? म्हणजे, मोडलंय का?"

मला क्षणभर काही बोलताच आलं नाही. विहीणबाईंनी हातातला कप खाली ठेवला. माझी मुलगी समोर बसली होती, ती उठून आत गेली.

मी म्हटलं, "काय म्हणालात?" त्याने तेच पुन्हा सांगितलं, आणखी विस्ताराने: "नाही, तसं असेल तर सांगा, लाजायचं काही नाही. एंगेजमेंट रिंग परत येतात त्यात बहुतेक वेळा हेच कारण असतं. तसं असेल तर आम्ही मोड करून देतो. सोन्याचे पैसे मिळतील, खड्याचे मिळत नाहीत." मी म्हटलं, माझ्या मुलीचं लग्न ठरलेल्या तारखेलाच आहे, खडा खोटं सांगून विकला आहे, माझ्याकडे अहवाल आहे. यावर तो म्हणाला, "खोटा नाहीये मॅडम, नॅचरल आहे. हीट केल्याने उलट छान दिसतो. नवऱ्या मुलाला आवडलाय ना? मग इश्यू काय आहे?"

इश्यू काय आहे, हे मी आधीच्या सहा फोनमध्ये सांगितलं होतं. चिठ्ठीवर "अनहीटेड" लिहून तापवलेला खडा दिला, हा इश्यू आहे.

विहीणबाई समजूतदार आहेत. त्यांनी मला धीर दिला, फोन ठेवायला लावला, स्वतः आत जाऊन मुलीजवळ बसल्या. पण लग्न ठरलेल्या घरात "मोडलंय का" हा शब्द काय करतो, हे सोन्याचांदीचा व्यवसाय करणाऱ्यांना मी सांगायला हवं? तुमची निम्मी विक्री आमच्यासारख्यांच्या घरातल्या लग्नकार्यांवर चालते. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला कुणीतरी हे प्रश्न विचारायला शिकवलं आहे. जो शिकवतो त्याच्यावर आहे.

1993 साली माझ्या लग्नातल्या पाटल्या तुमच्या जुन्या पेढीतून घेतल्या होत्या. तेव्हा गादीवर बसलेल्या मालकांनी माझ्या वडिलांसमोर सोनं कसोटीवर घासून दाखवलं होतं आणि वजन करताना तराजू त्यांच्याकडे वळवला होता. एका दुकानाच्या वीस शाखा झाल्या, काचा लागल्या, चहापाणी आलं, पण तो तराजू वळवून दाखवणारा माणूस राहिला नाही. मला याचं खरोखर वाईट वाटतं. मुलीची अंगठी तुमच्याकडूनच घ्यायची हा आग्रह माझा होता, घरच्यांचा नव्हता. घरी आज मलाच मान खाली घालावी लागते आहे. आणि कालच तुमचा पाडव्याच्या ऑफरचा मेसेज आला. त्यात पुष्कराजावर सवलत होती.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. अंगठी परत घेऊन पावतीची संपूर्ण रक्कम, घडणावळ आणि जीएसटी धरून, 1,51,941 रुपये परत करावेत. मोड, घट, खड्याचे पैसे नाहीत, हे काही मी ऐकणार नाही, कारण मी अंगठी मोडत नाहीये, चुकीचा माल परत करते आहे. किंवा त्याच वजनाचा, खरोखर न तापवलेला पुष्कराज त्याच कोंदणात बसवून द्यावा आणि शेऱ्याच्या रकान्यात तसं स्पष्ट लिहिलेला अहवाल मी निवडलेल्या प्रयोगशाळेकडून द्यावा. तोपर्यंत सध्याच्या खड्यात बेरिलियम घातलेलं आहे का, हेही तुमच्या खर्चाने तपासून मिळावं. भट्टीत बेरिलियम घालून फिक्या कोरंडमला पिवळा रंग आणतात, ते साध्या भिंगाने ओळखू येत नाही. एकदा फसवणूक झाल्यावर ही शंका येणं साहजिक आहे. मुंबईचा प्रवास आणि तपासणीचा खर्च वेगळा, पावत्या जोडल्या आहेत. आणि आजच्या फोनबद्दल माझ्या मुलीला उद्देशून लेखी माफी हवी.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार दाखल करेन. मी जिथे राहते तिथेच ती करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही, त्यामुळे बाई दमून सोडून देईल अशा भ्रमात राहू नका. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद मी आज संध्याकाळीच केली आहे. हाताने लिहिलेली चिठ्ठी, तुमचं रेघ मारलेलं कार्ड आणि प्रयोगशाळेचा अहवाल, तीन कागद शेजारी शेजारी ठेवले की वकिलाचीही फारशी गरज पडणार नाही.

चिठ्ठीवर "अनहीटेड" लिहिलं होतं. हे मी पुन्हा लिहिते आहे, कारण सात जणांना सांगूनही एकानेही ते टिपून घेतलेलं नाही.

अंगठी सध्या डबीत आहे. मुलगी ती घालत नाही. जावई विचारतात तेव्हा ती सैल आहे म्हणून सांगते.

मला फोन करू नये. उत्तर लेखीच पाठवावं आणि खडा तापवलेला आहे की नाही, हे त्यात पहिल्या ओळीत लिहावं.

सही/-
(पावतीवरील ग्राहक)

सोबत: चिठ्ठी, पावती, कार्ड आणि तपासणी अहवाल यांच्या झेरॉक्स प्रती, तसेच प्रवास आणि तपासणीच्या पावत्या