उजव्या बाजूची खिडकी

काका, सादर नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून लिहीत नाही. पण पत्र उघडच लिहिते आहे. काल ओंकारेश्वरला आईची नर्मदा परिक्रमा पुरी झाली आणि आता गप्प बसवत नाही.

खुब्याच्या ऑपरेशननंतर आई पंधरा मिनिटांच्या वर बसू शकत नाही. म्हणून आम्ही ती जुनी मोटरहोम घेतली, की तिला झोपून जाता यावं. परिक्रमेत मैया, म्हणजे नर्मदा, सदैव उजव्या हाताला. आणि नेमकी आईच्या पलंगालगतची उजवी खिडकीच चऱ्यांनी भरून दुधाळ झालेली! गाडीचा रस्ता काही किनाऱ्याकिनाऱ्याने जात नाही. मैया मधूनच दिसते आणि झाडीआड जाते. तेवढंही दिसणार नसेल तर आईला न्यायचं कशाला?

तुमच्याकडे येण्याआधी तीन ठिकाणी गेलो होतो. पहिल्याने मागची लहान खिडकी थिनरने पुसली. दुसऱ्या दिवशी तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. दुसऱ्याने स्वयंपाकाच्या ओट्याजवळच्या खिडकीवर पॉलिशचं बफ-मशीन भरधाव फिरवलं, ती तापून लहरीलहरी झाली. तिसरा म्हणाला, अख्खी खिडकी बाहेरून मागवा, काही महिने लागतील. वर हेही, की म्हाताऱ्या माणसाला तसंही काय दिसायचंय! आई गाडीतच होती. तिने ऐकलं.

तुम्ही गाडीत चढलात ते चपला काढून. खिडकीवर नख फिरवलंत आणि म्हणालात, "ही काच नव्हे ताई, ॲक्रिलिक आहे. आमच्या पाट्या नि ट्रॉफ्या याच्याच." कोरड्या फडक्याने पुसलं की रस्त्याची धूळच तिला ओरखडते, थिनर आणि काचेचे अमोनियावाले स्प्रे तिचे वैरी, हे इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी सांगितलं. नख अडेल तिथेच जाड वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा कागद), मग त्याहून बारीक १५००, २०००, ३००० नंबरचे, सतत पाणी, आणि शेवटी हलक्या वेगाने पॉलिश. दोन दिवस लागले.

खिडकी लख्ख झाली होती. मी पैसे काढले. तेव्हा तुम्ही विचारलंत, "आईंची उशी कुठल्या बाजूला असते?" आणि हात पुसून, अंगाखाली आपला टॉवेल पसरून, तुम्ही तिच्या जागी आडवे झालात. उशीवर डोकं टेकून बाहेर पाहिलंत. उभ्याने न दिसणारा एक धुरकट पट्टा खालच्या कोपऱ्यात राहिला होता. उठलात आणि तेवढ्यासाठी परत पाणी, परत पेपर, आणखी दीड तास. त्याचे पैसे घेतले नाहीत. मागच्या खिडकीबद्दलही स्पष्ट सांगितलंत, की या चिरा आतवर गेल्यात, खर्च करू नका, पडदा लावा.

काका, माझी आई जिथून पाहणार तिथून पाहावंसं तुम्हाला वाटलं. आम्हा घरच्यांनाही ते सुचलं नव्हतं. हिशेब चोख ठेवणारी माणसं भेटतात, पण दुसऱ्याच्या उशीवर डोकं टेकून बघणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. माझे बाबा असते तर त्यांनी हेच केलं असतं.

नेमावरला आम्ही पहाटे गाडी लावली. उजाडलं तशी आईने हाक मारली, "अगं, पलीकडे हंडियाला कोणी तरी दिवा सोडतंय." मी धावत गेले. तिने तळहात खिडकीला टेकवला होता. ती रडत होती आणि हसतही होती. पुढे अमरकंटकपर्यंत आणि दक्षिण तटाने परत येताना, मैया दिसली की ती आम्हा सगळ्यांच्या आधी "नर्मदे हर" म्हणायची.

काल कढाई, म्हणजे मैयाला शिऱ्याचा नैवेद्य, झाली. शिऱ्याचा पहिला डबा आईने तुमच्या नावाने भरून ठेवला आहे. तो कोणाच्या हाती धाडायचा नाही, गाडी तुमच्या दुकानाशी न्यायची आणि ती स्वतः देणार, असं तिने ठरवलंय. उद्या सकाळी दहापर्यंत येतो.

नर्मदे हर.

रामबागेतली तुमची ताई