आम्ही फडात, अंगठा ग्रामसभेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी बीड जिल्ह्यातली, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका लहान गावची. दसरा-दिवाळी झाली की आमच्या वस्तीवरची बहुतेक घरं कुलूप घालून ऊस तोडायला जातात, ती पाडव्याच्या आगंमागं परततात. आम्ही नवरा-बायको मिळून एक कोयता. अठरा वर्षं झाली हे चालू आहे. यंदा परत आल्यावर जे बघितलं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला वस्तीवरच्या आम्ही सगळ्या बाया झाडून गेलो होतो. गावातल्या टाकीपासून वस्तीपर्यंत पाइपलाइन टाका, एवढंच मागणं होतं. वस्तीवर एकच हापसा आहे. माघ लागला की त्याचा दांडा नुसता वरखाली होतो, पाणी येत नाही. धडधाकट माणसं त्या वेळी उसाच्या फडात, तोडणीला असतात. मग माझी सासू कमरेवर हात ठेवत ओढ्याकडच्या विहिरीवर जाते आणि धाकटं लेकरू शाळेच्या आधी दोन कळशा आणतं. पंधराव्या वित्त आयोगाकडून गावाला येणाऱ्या पैशातला बंधित निधी, म्हणजे साठ टक्के, पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा होता. त्यामुळं पैसा नाही असं कुणाला म्हणता येत नव्हतं, आणि कुणी म्हटलंही नाही. ठराव मांडला, सूचक-अनुमोदकांची नावं घेतली, हात वर झाले. दोन आठवड्यांनी मुकादमाची, म्हणजे तोडणीची टोळी नेणाऱ्याची गाडी आली, आम्ही गेलो.

परत आलो तर गावच्या वर्षाच्या कामांच्या आराखड्यात पाइपलाइन नाही. तिच्या जागी मुख्य गल्लीतली बंदिस्त नाली.

लेक बारावीला आहे. हा बदल २६ जानेवारीच्या ग्रामसभेत झाला होता. तिनं अर्ज देऊन त्या सभेच्या प्रोसिडिंगची, म्हणजे लेखी नोंदीची, नक्कल काढली. रात्री बल्बखाली बसून आम्ही मायलेकींनी हजेरीची पानं एकेक ओळ बोट ठेवून वाचली. तिसऱ्या पानावर माझं नाव होतं. पुढं निळ्या शाईचा अंगठा. मी अंगठा देत नाही. बचत गटाच्या रजिस्टरात, बँकेत, लेकरांच्या शाळेत, सगळीकडं माझी सही आहे. त्या दिवशी आमची टोळी शेकडो किलोमीटर लांब होती. पहाटे तीनला उठून मोळ्या बांधल्या आणि दुपारी गाडी भरून दिली. माझ्या खाली जावेचं नाव, त्याच्या खाली शेजारणीचं. त्या दोघी तेव्हा फडावर माझ्याच शेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहत होत्या. शेजारीण लिहिते-वाचते, तिच्याही नावापुढं अंगठाच.

गल्लीतल्या लोकांवर माझा राग नाही. त्यांच्या दारात सांडपाणी साचतं, लेकरं तापानं फणफणतात. ते हजर होते, त्यांनी मागितलं. राग आहे तो आमची गैरहजेरी हजेरी म्हणून वापरली त्याचा.

लोक म्हणतात, तक्रार कर. ती मी केली आहे, पोचही घेतली आहे. पण समजा एकही खोटा अंगठा नसता, तरी काय झालं असतं? ग्रामसभेला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे पारावर वीस माणसं बसली तरी तोच ठराव कायदेशीर झाला असता. ज्या गावातून निम्मी माणसं पाच-सहा महिने बाहेर असतात, तिथं जानेवारीत दरवर्षी असंच होणार. बीडमध्ये अशी गावं किती आहेत हे वाचकांना सांगायला नको. धारूर, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, कुठंही जाऊन जानेवारीत दारं मोजा.

आम्ही यावं म्हणाल तर कसं यावं? कोयता दोघांचा असतो. एक माणूस गेलं की जोडी मोडते, खाडा पडतो, आणि तो मुकादमाकडून आधी घेतलेल्या उचलीवर चढतो. येण्या-जाण्याचं भाडं वेगळं. एका ग्रामसभेसाठी एवढं कर्ज डोक्यावर घेणारी बाई मला तरी माहीत नाही.

माझं मागणं लहान आहे. कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात, जास्त घ्यायला मनाई नाही. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, मराठवाड्यातल्या आपल्या आठही जिल्ह्यांत झेंडावंदन होतं. तेव्हा आम्ही सगळे गावात असतो. ज्या गावातून टोळ्या जातात तिथं पुढच्या वर्षाच्या आराखड्याची विशेष ग्रामसभा त्याच दिवशी घ्या. त्या सभेत आणि २ ऑक्टोबरला मंजूर झालेलं काम आम्ही परत येईपर्यंत बदलू नका. बदलायचंच असेल तर आम्हाला विचारा. ओळखपत्रासाठी ऊसतोड कामगारांची नावं ग्रामसेवकांनीच लिहून घेतली होती. कोण कुठल्या घरातून गेलं हे ग्रामपंचायतीला ठाऊक आहे आणि आता प्रत्येक टोळीत चार-पाच मोबाइल असतात. हजेरी तपासताना ज्याचं नाव त्या यादीत आहे त्याच्यापुढं सही किंवा अंगठा दिसला, तर गटविकास अधिकाऱ्यांनी तिथंच थांबून विचारावं. महिलांची सभा आधी घ्यायचा नियम आहे, तोही आम्ही गावात असताना पाळला तर त्याचा आम्हाला उपयोग.

आज २४ एप्रिल. १९९३ साली याच तारखेपासून पंचायतींची घटनादुरुस्ती लागू झाली, म्हणून आजचा दिवस पंचायतराज दिन. १ मेच्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी, म्हणजे आजपर्यंत लागायला हवी. सकाळी लेकीला घेऊन फलकापाशी गेले होते. फलकावर जुना, पावसानं धुतलेला एक कागद आहे. संध्याकाळी पुन्हा जाणार आहे. नोटीस लागली असेल तर वस्तीवर घरोघर सांगायचं काम मी घेतलं आहे, आणि पाइपलाइनचा विषय लेखी अर्ज करून अजेंड्यावर घ्यायला लावणार आहे. अर्जावर वस्तीवरच्या एकोणचाळीस बायांच्या सह्या झाल्या आहेत. ज्यांना सही येत नाही, त्यांचे अंगठे मी समोर बसून घेतले.

आपली,
एक ऊसतोड कामगार महिला, जि. बीड