लॉगबुकात सगळेच ‘एम’

महोदय,

सबमिशनच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलावर लॉगबुकांची, म्हणजे डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांनी केलेल्या कामांच्या नोंदवह्यांची, चळत येऊन पडायची. नोंदी सहा महिन्यांच्या, शाई मात्र एकच. रायल्स ट्यूब, कॅथेटर, टाके, सगळं एका बैठकीत लिहिलेलं. मीही एका बैठकीत सह्या ठोकायचो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २६ वर्षं मेडिसिन शिकवलं. या पापात माझाही वाटा आहे, हे आधीच कबूल करतो.

एमबीबीएसच्या २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला, म्हणजे नुसतं पाठांतर नाही, तर काम प्रत्यक्ष जमतं का ते बघणारा. त्यातल्या लॉगबुकाची आखणी खरं तर चांगली आहे. काम पहिल्यांदा केलं की पुन्हा, जमलं ते अपेक्षेपेक्षा कमी (बी), अपेक्षेइतकं (एम) की जास्त (ई), पुढे शिक्षकाची सही, आणि अभिप्राय मिळाला म्हणून विद्यार्थ्याचीही. पण ‘बी’ दिला की तेच काम त्याच्याकडून पुन्हा करून घ्यायला हवं. ओपीडी, राऊंड, परीक्षा यांतून त्याला वेळ कुठला? म्हणून सगळे ‘एम’. अनुभवावर चिंतन लिहायच्या पानांवर तर सीनियरच्या पीडीएफमधलं इंग्रजी जसंच्या तसं उतरायचं.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या वर्षी एका इंटर्न मुलीच्या वहीत मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने मराठीत लिहिलेलं दिसलं. कीटकनाशक प्यायलेला तरुण शेतकरी रात्री कॅज्युअल्टीत आला होता. ‘ॲट्रोपीन (विषावरचा उतारा) दिल्यावर पंधरा मिनिटांनी छाती आणि नाडी बघायची होती. मी दुसऱ्या पेशंटची सलाईन लावत बसले, चाळीस मिनिटांनी गेले. तो वाचला. सकाळी त्याच्या बायकोने मलाच हात जोडले.’

तिला बोलावलं. पेशंट सोडून जाताना सिस्टरला नेमकं काय सांगून जायचं, छाती साफ झाल्याचं कसं ओळखायचं, यावर अर्धा तास बोललो. एवढ्या वर्षांत लॉगबुकावरून शिकवल्याचा माझा हा एकमेव प्रसंग. उठताना तिने विचारलं, ‘सर, हे पान फाडू का?’

मी ‘फाड’ म्हणालो. उद्या ती वही चौकशीत कुणाच्या हाती पडली असती, तर तिच्या पाठीशी उभा राहील असा एकही नियम मला ठाऊक नव्हता.

ब्रिटनमध्ये शिकाऊ डॉक्टरांना ई-पोर्टफोलिओ, म्हणजे कामाची आणि चिंतनाची ऑनलाइन वही, ठेवावा लागतो. तिथेही हीच धास्ती पसरली, तेव्हा २०१८ मध्ये सरकारने नेमलेल्या विल्यम्स समितीने शिफारस केली की, डॉक्टरांनी स्वतःच्या कामाबद्दल लिहिलेलं चिंतन मागवण्याचा अधिकार तिथल्या मेडिकल कौन्सिलला नसावा.

आपल्याकडे पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ई-लॉगबुक आलं आहे. येऊ द्या, सह्या क्लिकने होतील. पण दहा मुलांमागे एक शिक्षक आणि महिन्यातला एक तास वेळापत्रकात लिहून द्या. चिंतन मराठीत चालेल असं स्पष्ट कळवा. आणि ते पान चौकशीत वापरलं जाणार नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नियमात छापावं. ते होईपर्यंत कुठल्याही इंटर्नने विचारलं, तर मी आजही ‘फाड’च म्हणेन.

– एक निवृत्त प्राध्यापक, वाई