ऐकू येतं, पण कळत नाही

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "ऐकू सगळं येतं गं, पण मीटिंगमध्ये दोघं-तिघं एकदम बोलायला लागले की शब्द कळत नाहीत." तू ते थकव्यावर ढकललंस. मला तसं सोडून देववत नाही, कारण कान अधू व्हायला लागले की पहिली तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते.

आवाज बारीक होत जाणं म्हणजे बहिरेपण, असं बहुतेकांना वाटतं. सुरुवात तशी होत नाही. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी असते आणि तिच्यात साधारण १५ हजार केसपेशी. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी, खर्जाचे टिपणाऱ्या पार आतल्या टोकाला. वय असो वा गोंगाट, आधी झिजतात त्या उंच पट्टीच्या पेशी, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. आता बोलणं बघ. आ, ओ, ऊ या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत, साधारण १००० हर्ट्झच्या आत असतो. स, श, त, थ, फ, ख यांची ओळख पटवणारा भाग २००० ते ८००० हर्ट्झमध्ये, आणि तो मुळातच क्षीण. म्हणून आवाज पोचतो, व्यंजनं गळतात. समोरचा "साठ" म्हणतो, तुला "आठ" ऐकू येतं.

शांत खोलीत मेंदू संदर्भावरून गाळलेल्या जागा भरतो, त्यामुळे काही बिघडलंय हे महिनोन् महिने लक्षात येत नाही. संदर्भ नसला की उघडं पडतं: नव्या माणसाचं आडनाव, फोन नंबर, गाडीची वेळ. पुढचे पंधरा दिवस एवढ्यावरच लक्ष ठेव, कुठे परत विचारावं लागतं ते. पुरुषांपेक्षा बायकांचं, लहान मुलांचं बोलणं निसटतं का? बोलणाऱ्याने पाठ फिरवली की वाक्य तुटतं का? थर्मामीटरची पीप इतरांना ऐकू जाते आणि तुला नाही, असं होतं का? फोन नकळत एकाच कानाला लागतो का? न कळताच हसून मान डोलावून वेळ मारून नेणं, संध्याकाळी डोकं जड होणं, हेही त्यातलंच. अंदाज बांधत ऐकण्याचे कष्ट फार असतात. "जरा मोठ्याने बोल" आणि लगेच "ओरडतोस कशाला" असं तोंडून निघत असेल तर तो चिडचिडेपणा समजू नकोस. बारीक आवाज टिपणं जातं, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो, म्हणून मधली सोयीची पट्टी अरुंद होते. घरच्यांना हे तुझ्याआधी कळलेलं असेल. टीव्हीचा आवाज कोण कमी करतं, हे त्यांना विचार आणि उत्तराचा राग मानू नकोस.

इअरफोनचं गणित सोपं आहे. ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. म्हणजे ९० डेसिबलला फक्त चार तास. प्रवासात बाहेरचा गोंगाट बुडवायला आपण आवाज चढवतो, तिथेच घात होतो. ऐकून झाल्यावर कानात दडे बसले किंवा कुई वाजायला लागली, तर ती मात्रा जास्त झाली. दुसऱ्या दिवशी मोकळं वाटलं तरी सगळी इजा भरून आली असं धरू नये.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान आतून बघून घे. नुसता मळ असेल तर तिथेच सुटका होईल. बडने कोरू नकोस, तो मळ आणखी आत दाबला जातो. मग ऑडिओमेट्री, म्हणजे कोणत्या पट्टीचा किती बारीक आवाज ऐकू येतो ते आलेखावर मांडणारी चाचणी. आदल्या दिवसापासून मोठ्या आवाजापासून लांब राहा, नाहीतर आलेख खराब येतो. आलेखात उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. खूण जितकी खाली तितकं ऐकणं कमी. २० डेसिबलच्या रेषेच्या वरच्या बाजूला सगळ्या खुणा असल्या तर ठीक. गोंगाटाने दुखावलेल्या कानाचा आलेख ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यासारखा खचतो आणि ८००० ला पुन्हा थोडा वर येतो. हा आलेख निर्दोष आला तरी तेवढ्यावर परतू नकोस. गोंगाटात शब्द किती ओळखता येतात याची वेगळी चाचणी असते, तुझी तक्रार त्याचीच आहे, तेव्हा ती मागून घे.

एक गोष्ट मात्र पंधरा दिवस बघत बसण्याची नाही. सकाळी उठल्यावर एका कानात अचानक दडा बसला, त्या कानाला फोन लावून काही कळेनासं झालं, तर सर्दी समजून वाफ घेत बसू नकोस. तोंड मिटून "म्म्म" असा हुंकार काढ. आवाज बंद कानात मोठा वाटला तर बहुधा मळ किंवा पडद्यामागे पाणी असतं. चांगल्या कानाकडे सरकला तर आतल्या कानाची नस गेल्याची शंका घ्यायची. हुंकारावर निर्णय सोडायचा नाही, पण घाई किती करायची ते त्यावरून कळतं. अशा वेळी स्टेरॉइड देतात आणि ते पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तरच त्याचा खरा उपयोग. दोन आठवडे उलटले की आशा बरीच कमी होते. सुट्टीचा दिवस असला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठ, आणि "एका कानाचं ऐकणं अचानक गेलंय" हे पहिल्या वाक्यात सांग.

आलेखाचा फोटो मला पाठव.

तुझी,
आई